पानगळीपासून सुरू होणारी बाग: गच्चीवरच्या भाजीपाल्याचं वर्षभराचं काम

गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजी लावायची हौस बहुतेकांना पहिल्या पावसात येते. मृगाची सर पडली की लाल मातीच्या पिशव्या, शेणखत, कोकोपीटच्या विटा आणि प्लॅस्टिकच्या कुंड्या एकाच फेरीत घरी येतात. दिवाळीपर्यंत ती माती घट्ट बसते, झाडं पिवळी पडतात आणि पुढच्या जूनमध्ये सगळी खरेदी पुन्हा होते. ही साखळी तोडायची असेल तर बागेकडे साठवणीचं काम म्हणून बघावं लागतं. उन्हाळ्यातलं वाळवण जसं पावसाळ्यात कामी येतं, तसं इथेही एका ऋतूनं दिलेलं दुसऱ्यासाठी राखून ठेवायचं: फाल्गुनातली पानं पावसाळ्यातल्या मातीसाठी, आषाढातल्या निंबोळ्या थंडीतल्या किडीसाठी, थंडीतलं बी पुढच्या वर्षासाठी. म्हणून इथे सांगितलेलं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं.

महिने पुणे, सातारा, नाशिक या पठारी हवेला धरून दिले आहेत. कोकणात आणि विदर्भात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी ऊन आणि वजन

काहीही आणण्याआधी सुट्टीच्या एका दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर ऊन कुठे पडतं ते खडूने आखून ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि सगळे वेल यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या, अळू, पुदिना, आलं यांचं तीन-चार तासांत भागतं. ही आखणी वर्षातून दोनदा करावी, कारण सूर्य सरकतो. पुण्यात मेच्या मध्यावर तो भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो की उत्तरेकडच्या बाल्कनीत किरणही येत नाही, आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आतपर्यंत पोचतं. एकच बाल्कनी असेल आणि ती दक्षिणेकडे असेल, तर तुमचा खरा हंगाम हिवाळा आहे. तिथे मेमध्ये भेंडीचा हट्ट करू नका.

वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीवर दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १७०० ते १८०० किलो. म्हणजे एक फूट खोल मातीचा वाफा केला तर दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर वजन गेलं. इमारत जुनी असेल, गच्ची गळत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची परवानगी घ्या. कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या आणि भिंतींच्या ओळीत ठेवा, खाली विटांचे तुकडे द्या म्हणजे पाणी वाहून जाईल आणि वॉटरप्रूफिंग शाबूत राहील. पालापाचोळ्याच्या हलक्या मातीचं महत्त्व इथेच कळतं. तिचं वजन बागेच्या साध्या मातीच्या निम्म्याच्या आसपास भरतं.

फाल्गुन: पानं गोळा करा

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत रस्त्याकडेची झाडं पानं टाकतात: देशी बदाम, कडुनिंब, पिंपळ, पर्जन्यवृक्ष, आणि थोडं उशिरा करंज. सोसायटीचे सफाई कामगार ती झाडून ढीग करतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याच ढिगाला काडी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड सांगितला आहे. पण दंडाची भीती दाखवण्यापेक्षा त्या दादांना किंवा मावशींना आधीच सांगून ठेवा, "पानं मला द्या, पोती मी आणून देते." त्यांचं काम कमी होतं, आणि पुढच्या वर्षी ते स्वतःहून हाक मारतात.

सगळी पानं सारखी नसतात. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ यांची बारीक पानं दोन-तीन महिन्यांत काळी होतात. गिरिपुष्पाची पानं मिळाली तर सोडू नका, त्यात नत्र भरपूर असतं. आंबा, फणस, वड यांची चिवट पानं वर्षभर घेतात, म्हणून ती वेगळ्या पोत्यात भरा किंवा आच्छादनासाठी ठेवा. निलगिरी आणि सुरूची पानं भाजीच्या मातीत नकोत. पानांतून प्लॅस्टिक, गुटख्याच्या पुड्या, काचा निवडून काढायला वेळ जातो. तो द्यावाच लागतो.

पोती भरायची रीत अशी. पानं पायाने तुडवून चुरा करा. एका बादलीत किलोभर शेण, मूठभर गूळ आणि वाटीभर आंबट ताक दहा लिटर पाण्यात कालवा. शेण मिळत नसेल तर दोन मुठी जुनं खत चालतं. पोत्यात वीतभर पानं, त्यावर हे पाणी शिंपडून, पुन्हा पानं, असं दाबून भरा. पोतं सावलीत, विटांवर ठेवा. पंधरा दिवसांनी हात घालून बघा. मूठ आवळल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, इतकीच ओल हवी. कोरडं असेल तर पाणी मारा आणि पोतं उलटंपालटं करा. मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, बारीक पानांचा कुरकुरीतपणा जाऊन त्यांना रानातल्या मातीचा वास येऊ लागतो. दोन माणसांच्या भाजीसाठी आठ-दहा पोती पानं जास्त नाहीत. आटून ती चौथाई होतात.

स्वयंपाकघरातला ओला कचरा

सुक्या पानांचा साठा झाला की ओला कचरा जिरवणं सोपं होतं. बाजारातल्या महागड्या बिनची गरज नाही. तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेली जुनी बादली किंवा कुंभाराचा मोठा माठ पुरतो. एक भाग ओला कचरा असेल तर त्यावर दोन ते तीन भाग सुकी पानं टाका. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पानांत कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या साधारण तीसपट कर्ब लागतो आणि पानं तो पुरवतात.

घाण वास येत असेल तर त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ओल जास्त, हवा कमी. आणखी पानं घाला आणि काठीने ढवळा. मळकट पांढऱ्या, वळवळणाऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरून फिनेल ओतू नका. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, अन्नावर घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. तेलकट उरलेलं अन्न, हाडं, मासळीचे काटे मात्र छोट्या बादलीत टाकू नका. उंदीर येतात. चहाचा चोथा धुऊन, अंड्याची टरफलं कुटून टाका. दोन महिन्यांत खत तयार होतं.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताबद्दल, विचारणारे बरेच असतात. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी ते एकरी २०० लिटर पाण्याच्या मापाने सांगितलं आहे. गच्चीसाठी त्याचं प्रमाण दहा लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत माती असं बसतं. सावलीत झाकून दोन-तीन दिवस ठेवायचं, रोज दोनदा ढवळायचं, दहापट पाणी घालून मातीला द्यायचं. जवळ गोठा असेल तर जरूर करा. शहरात त्यासाठी दूरवर गाडी काढून शेण आणणं मला पटत नाही. चांगलं कंपोस्ट असलं की बाग चालते.

कुंडी भरायची कशी

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला कचरा, पालापाचोळा आणि उसाचा चोथा वापरून भाजीपाला आणि फळझाडं वाढवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची शिकवण होती: घराजवळचं टाकाऊ सेंद्रिय द्रव्य, सूर्यप्रकाश, आणि स्वतः मोजून-मापून केलेले प्रयोग. खाली दिलेली भरण त्याच विचारातली आहे.

१. भांडं जुनं घ्या: भाजीचे क्रेट, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटक्या बादल्या, गोण्या. तळाला चार-पाच भोकं हवीत. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला एक फूट, वेलांना त्याहून थोडी जास्त.

२. तळाशी नारळाच्या शेंड्या पसरा. त्या पाणी धरतात आणि भोकं बुजू देत नाहीत.

३. त्यावर रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं. ही आधी आठ-दहा दिवस भिजवून, पिळून घ्या. गोडवा राहिला तर मुंग्यांचं वारूळ होतं.

४. मग अर्धी कुजलेली पानं, दाबून, भांड्याच्या निम्म्यापर्यंत.

५. वर तयार कंपोस्ट आणि माती समसमान मिसळून तीन-चार इंच. बी आणि रोपाची कोवळी मुळं इथेच राहणार, म्हणून या थरात कच्चा कचरा नको.

६. भरपूर पाणी देऊन दहा दिवस तसंच ठेवा. भरण खाली बसेल, वरून पुन्हा भरा. हात घातल्यावर आत गरम लागत असेल तर अजून थांबा.

चैत्र-वैशाख: पाणी वाचवा

उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी, काकडी, राजगिरा, आंबट चुका येतात. नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तिथे मेमध्ये नवीन काही लावूच नका. असलेली झाडं सावलीत ठेवा, रिकाम्या कुंड्या पानांनी झाकून ठेवा. मातीतल्या गांडुळांना आणि जिवाणूंना वाचवलं तरी त्या महिन्याचं काम झालं.

आच्छादन दोन-तीन इंच हवं आणि ते खोडाला चिकटू नये. कुंड्या सुट्या न ठेवता दाटीने एकत्र ठेवा, मोठ्या झाडाच्या सावलीत लहान. पन्नास टक्के सावली देणारी शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांधली तरी पालेभाज्या तग धरतात. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत द्यावं. मोठ्या वाफ्यांसाठी मटका सिंचनासारखा उपाय नाही. कुंभाराकडून बिनरंगाचा, अरुंद तोंडाचा माठ आणून गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर दिवाळीतली पणती झाकण म्हणून ठेवा. भिंतींतून पाणी मुळांना लागेल तसं झिरपतं. पाच लिटरचा माठ उन्हाळ्यात दोन-तीन दिवस जातो. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी, एसीतून ठिबकणारं पाणी बागेला चालतं. आरओ यंत्राचं फेकलं जाणारं पाणी रोज देऊ नका. त्यात क्षार साठलेले असतात आणि काही महिन्यांत मातीवर पांढरी पुटं चढतात.

ज्या कुंडीतल्या झाडाच्या मुळांवर गाठी दिसल्या, तिथे सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आहेत. ती माती मेच्या उन्हात पातळ पसरून चांगली तापवा, आणि पुढचा हंगाम तिथे झेंडू लावा.

अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गच्चीवरही ती पाळण्यात अर्थ आहे: तेव्हा लावलेला दोडका, पडवळ, दुधी, भोपळा पावसाआधी मांडवावर चढतो आणि झडीत कुजत नाही. आलं आणि हळदीचे कंद रोहिणीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात लावा.

पावसाळा: निचरा, आणि पुन्हा निचरा

मृगापासून पुनर्वसूपर्यंत झाडांना खत देण्यापेक्षा कुंड्यांची भोकं मोकळी आहेत का हे बघणं जास्त गरजेचं आहे. मुंबई-कोकणच्या पावसात वरून घातलेलं खत धुऊन गटारात जातं. कंपोस्टच्या बादल्या झाका, सुक्या पानांची दोन-तीन पोती घरात कोरडी राखा, कारण जुलैत कोरडं पान मिळत नाही. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका. डासांची अंडी ते उडणारा डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून गच्चीवरचं साचलेलं पाणी ओता.

या दिवसांत अळू, अंबाडी, माठ, भेंडी, वालपापडी आणि सगळे वेल जोमात असतात. कुंडीत आपोआप उगवलेली घोळ, टाकळा, कुर्डू ही भाजीच आहे, पण ओळख पक्की असेल तरच खुडा. जाणत्या माणसाला एकदा दाखवून घ्या.

वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार श्रावणात हमखास येते. सुरुवातीची फुलं नराची असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. ती येऊ लागली आणि तरी पिवळी पडून गळाली, तर परागीकरण होत नाही असं समजा. काकडी, कारली, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दुधी, दोडका, पडवळ यांची संध्याकाळी. त्या त्या वेळी नराचं फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलके टेकवा. शिवाय तुळस, सब्जा, झेंडू फुलू द्या, म्हणजे मधमाश्या गच्चीकडे वळतात.

गोगलगायी रात्री येतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत टाकू नका.

जून-जुलैत कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा. याचं मोल नोव्हेंबरात कळेल.

भाद्रपद-आश्विन: हिवाळ्याची तयारी

सप्टेंबरच्या सुरुवातीला टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांचं बी करवंट्यांत किंवा उथळ खोक्यात टाका आणि थेट पावसापासून आडोशाला ठेवा. महिन्याभरात चार-पाच पानं आली की संध्याकाळच्या वेळी पुनर्लागवड करा. थकलेले वेल मुळासकट उपटू नका, बुंध्यापाशी कापा. मुळं आतच कुजतात आणि माती भुसभुशीत ठेवतात. हस्ताचा पाऊस संपला की प्रत्येक कुंडीत फेब्रुवारीतल्या पोत्यांतलं काळं पानखत दोन इंच घाला. ऑक्टोबरच्या उन्हात कोवळ्या रोपांना आठवडाभर दुपारची सावली लागते.

धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. मेथी, पालक, शेपू, मुळा एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे पेरा. गाजर, बीट यांची विरळणी मन घट्ट करून करा. दाट राहिले तर नुसता पाला मिळतो.

एक ध्येय मला फार आवडतं: भोगीची भाजी घरच्या बागेतून. जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या भोगीला वांगी, गाजर, पावटा आणि हरभऱ्याचे सोलाणे हवे असतील, तर पावटा सप्टेंबरअखेर, गाजर आणि हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायला हवा आणि वांग्याची रोपं ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावलेली हवीत. कोकणात थंडी उशिरा आणि कमी येते. तिथे हरभऱ्यापेक्षा वालावर भर द्या.

थंडीतली कीड

थंडीत पाणी कमी करा. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून कोरडं लागलं तरच द्या. मावा आणि पिठ्या ढेकूण याच काळात वाढतात, आणि जास्त पाणी, जास्त शेणखत दिलेल्या लुसलुशीत झाडावर आधी येतात. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा. दुसरा, जास्त लागण झालेला शेंडा खुडून टाकणं. मगच निंबोळी अर्क: साठवलेल्या बिया कुटून ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साधा साबण विरघळवा आणि मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. त्याच दिवशी संपवा, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा करा. पानांवर पांढरी भुकटी दिसते त्या भुरी रोगासाठी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळच्या उन्हात फवारलेलं उपयोगी पडतं.

फवारण्याआधी नीट बघा. मावा असलेल्या पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी लांबट अळी फिरत असेल तर ती लेडीबर्डची आहे. ती मावाच खाते. ते पान तसंच सोडा. तंबाखूचं पाणी बरेच जण सुचवतात, पण निकोटीन विषारी आहे. घरच्या भाजीवर ते मारू नका.

माघ: बी धरा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बी जपलं, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. घरच्या बागेत तेवढा आवाका नसतो, पण चार-पाच वाण प्रत्येकाला सांभाळता येतात. संकरित बियाण्याच्या पाकिटातून आलेल्या झाडाचं बी धरू नका, पुढची पिढी तशी निघत नाही. गावरान वाण आठवडी बाजारात किंवा गावाकडच्या नातेवाइकांकडे मागा.

बी नेहमी सगळ्यात निरोगी झाडाचं धरा आणि त्या झाडाला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी त्याची भाजी करणार नाही. मेथी, वाल, चवळी, भेंडी झाडावरच खडखडीत वाळू द्या. वांगं पिवळं, मऊ होईपर्यंत ठेवा. टोमॅटोचा बियांसकट गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, वरचा फेस काढून बी धुवा आणि सुती कापडावर वाळवा. कागदाला ते चिकटून बसतं. भोपळा, दुधी यांचं बी धरायचं असेल तर हाताने परागीकरण केलेल्या फुलाला लगेच दोऱ्याने बांधा, नाहीतर शेजारच्या गच्चीवरच्या वाणाशी संकर होतो.

वाळलेलं बी चाळलेल्या राखेत मिसळून, हवाबंद बरणीत, नाव आणि महिना लिहून अंधाऱ्या फडताळात ठेवा. कांद्याचं बी वर्षभरातच वापरा. भेंडीचं दोन वर्षं, टोमॅटो, वांगी आणि वेलांचं तीन-चार वर्षं टिकतं. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सहा-सात उगवल्या तर नेहमीपेक्षा थोडं दाट पेरा, पाचांहून कमी उगवल्या तर नवं बी शोधा.